अलमट्टीची उंची आणि रखडलेलं राजपत्र

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. आता तिसराही पाठ झालाय: ५२४.२५६. कर्नाटकाला सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेवरच्या त्याच्या अलमट्टी धरणात एवढ्या मीटरपर्यंत पाणी साठवायचंय. सध्याची मर्यादा ५१९.६० मीटर. मधल्या साडेचार मीटरवर मोर्चे निघतात, ठराव होतात. उंचीला विरोध हवाच. पण नुसत्या उंचीवर भांडून सांगलीचा पूर आटोक्यात येणार नाही. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही महापूर आले तेव्हा अलमट्टीत ५२४ मीटरपर्यंत पाणी साठवलं जात नव्हतं, हे आधी लक्षात घ्या.

मुळात हा वाद राज्यघटनेच्या कुठल्या खोलीत अडकलाय ते बघू. पाणी हा राज्य सूचीतला विषय, १७ वी नोंद. पण ती केंद्र सूचीतल्या ५६ व्या नोंदीच्या अधीन आहे, म्हणजे आंतरराज्य नद्यांचं नियमन संसद कायदा करून स्वतःकडे घेऊ शकते. भांडण झालं तर अनुच्छेद २६२. त्याच्या आधारे १९५६ चा आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा झाला आणि त्याच्या कलम ११ नं लवादाकडच्या तंट्यात न्यायालयांना हात घालायला मनाई केली. म्हणून 'सरळ सुप्रीम कोर्टात दावा ठोका' हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही. दार पूर्ण बंदही नाही: कावेरी प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लवादाच्या निर्णयाविरुद्धची अपिलं ऐकता येतात असं ठरवलं. विधानसभेच्या ठरावाचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्या विधानसभेचा ठराव कर्नाटकाला कायद्यानं बांधत नाही.

आता लवाद. बच्छावत लवाद १९६९ चा. त्याचा निवाडा १९७६ ला राजपत्रात आला आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरलं. २००४ साली दुसरा, ब्रिजेशकुमार लवाद बसला. त्यानं ३० डिसेंबर २०१० च्या निर्णयात अलमट्टीला ५२४.२५६ मीटरची मुभा दिली. पण आंध्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०११ मध्ये केंद्राला सांगितलं, पुढचा आदेश होईपर्यंत हा निर्णय राजपत्रात छापू नका. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे राजपत्रात छापल्यावरच लवादाच्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं, तोवर तो अमलात येत नाही. त्यामुळे 'उंचीला मंजुरी मिळालीच आहे' म्हणणारे चुकतात आणि 'कोर्टानं उंची नाकारली' म्हणणारेही चुकतात.

या स्थगितीची दुसरी बाजू आपल्याकडे कुणी बोलत नाही. त्याच निर्णयात अंमलबजावणीसाठी एक मंडळ सुचवलेलं आहे. राजपत्र अडलं, तसं मंडळही अडलं. म्हणजे आज कृष्णेवर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांनाही बांधील असं रोजचं पाणी बघणारं एकही वैधानिक मंडळ नाही. २०१४ च्या आंध्र पुनर्रचना कायद्यातून कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ झालं, पण ते आंध्र आणि तेलंगणासाठी. शेजारी राज्यांचे प्रश्न जिथे चर्चेला येतात त्या पश्चिम विभागीय परिषदेत महाराष्ट्र आहे, कर्नाटक नाही, तो दक्षिण विभागात. १९५६ च्याच नदी मंडळ कायद्याखाली आजवर एकही मंडळ उभं राहिलं नाही, आणि राहिलं असतं तरी ते सल्लागारच. कावेरीला मात्र २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर व्यवस्थापन प्राधिकरण मिळालं. कृष्णाकाठच्या लोकांचा जीव कावेरीकाठच्यांपेक्षा स्वस्त नाही.

मंडळ कशासाठी, तर हिशेब करून बघा. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला की ८.६४ टीएमसी पाणी जातं. वरच्या कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणा धरणाची ३४.४०. वरून कोयना, वारणा सोडतायत, मधे मुक्त पाणलोटात, म्हणजे कुठल्याच धरणानं न अडवलेल्या भागात, धो धो पाऊस आणि खाली कर्नाटकातला हिप्परगी बंधारा व अलमट्टी भरलेली, अशी गाठ पडली की दोन-तीन दिवसांच्या निर्णयांवर सगळं ठरतं. सीमेजवळच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी चाललंय आणि अलमट्टीतून तेवढं बाहेर पडतंय का, हे तासातासाला जुळवावं लागतं. आज ते फोनवर, विनंत्यांवर आणि मंत्र्यांच्या भेटीगाठींवर चालतं. समोरच्यानं ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर दाद मागायला जागा नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत अलमट्टीची पातळी ५१७ मीटरवर ठेवा ही इथली मागणी जुनीच आहे, पण तोंडी मागणीला कागदाचं बळ नाही.

अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे तुंबून वर चढणाऱ्या पाण्याचा, परिणाम सांगलीपर्यंत पोचतो की नाही, यावरही मतभेद आहेत. २०१९ च्या पुरानंतर राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं महापुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. इथल्या अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही. माझ्या मते हा वाद दोन्ही राज्यांनी आपापले आकडे दाखवून मिटणार नाही. दोघांनाही मान्य असलेली मोजणी हवी, आणि ती करायलाही मंडळच लागतं.

मग हातात काय आहे? राज्या-राज्यांत लेखी करार करायला लवादाची परवानगी लागत नाही. गोदावरी खोऱ्यातल्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्रानं २०१६ मध्ये तेलंगणाशी करार केलेच ना! तसाच कर्नाटकाशी फक्त पूरकाळापुरता करार करावा: जून ते सप्टेंबर अलमट्टी आणि हिप्परगीच्या पातळीचं पंधरवड्याचं वेळापत्रक, विसर्गाचे आकडे दोघांना एकाच वेळी दिसणं, आणि मतभेद झाला तर केंद्रीय जल आयोगाच्या अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा. त्यात कोयना-वारणेचं वेळापत्रकही आलंच पाहिजे. आपण बांधून घ्यायला तयार नसू तर समोरचा का होईल? करार होत नसेल, तर सर्वोच्च न्यायालयात उंचीच्या विरोधासोबत पूरकाळातल्या अंतरिम व्यवस्थेची मागणी राज्यानं लेखी मांडावी.

आणि सगळंच विजापूर-बागलकोटच्या माथी मारू नका. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, भराव आणि बांधकामं रोखणं हे आपल्या महापालिकेचं आणि आपल्याच राज्याचं काम आहे. तिथं कुठलाच लवाद आडवा येत नाही.

यंदा आमदार-खासदार पूर पाहणीला आले की 'उंची वाढू देणार का?' हा प्रश्न विचाराच, पण पुढचाही विचारा: पूरकाळाच्या कराराचा मसुदा तयार आहे का, आणि तो कर्नाटकाला कुठल्या तारखेला पाठवला?