भारमान किती?

माझ्या बाबांनी एसटीत ३१ वर्षं काढली, शेवटची दहा-बारा सातारा आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. गेल्या उन्हाळ्यात ते आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, सॅन होजेला आले होते. जेटलॅग पुरता उतरायच्या आधीच बाबांनी घराजवळचा लाइट रेलचा, म्हणजे ट्रामसारख्या विजेच्या गाडीचा, थांबा हुडकून काढला. नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटच्या मधोमध रूळ, दोन्ही अंगांना मोटारींचा ओघ, त्यापलीकडे कंपन्यांचे पार्किंग लॉट. दोन डब्यांची गाडी आली, थांबली, गेली. बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिचं भारमान किती गं?"

ज्यांच्या घरात एसटीतलं कुणी नाही त्यांच्यासाठी: गाडीत जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, याची टक्केवारी म्हणजे भारमान. आमच्या लहानपणी घरात हा शब्द इतका चालायचा की लग्नाच्या पंगतीचंही भारमान निघायचं.

मी म्हटलं, "ते माहीत नाही बाबा, पण सगळं मिळून ४२ मैलांचं जाळं आहे." त्यावर ते म्हणाले, "मैल कुणी विचारले?"

मला या देशात येऊन १८ वर्षं झाली. आधी जर्सी सिटी, मग डॅलसजवळचं अर्व्हिंग, आता इथे. पहिली काही वर्षं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, तीही लायसन्सशिवाय. हा काळ ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको की घरापासून चालत जाता येईल असा थांबा म्हणजे काय चीज असते. त्यामुळे लाइट रेलबद्दल मला मुळातच माया आहे. ही माया जपूनच लिहिते: अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी रूळ टाकताना एकच प्रश्न विचारला, की जागा कुठे स्वस्तात मिळेल. लोक रोज कुठे जातात हा प्रश्न ज्यांनी विचारला ती शहरं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

डॅलसचंच बघा. डार्टचं, म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेचं, लाइट रेलचं जाळं ९३ मैलांचं, बरीच वर्षं देशात सर्वांत लांब. तिथे हा आकडा लोकांना तोंडपाठ असतो. आम्ही अर्व्हिंगला असताना, ऑगस्ट २०१४ मध्ये, ऑरेंज लाइन थेट विमानतळापर्यंत गेली तेव्हा मलाही कोण आनंद झाला होता. पण हे जाळं असं ऐसपैस का पसरलं याचं उत्तर करात आहे. हे जाळं पसरत होतं तेव्हा डार्टमध्ये १३ गावं होती आणि प्रत्येक गावातल्या विक्रीवरचा १ टक्का कर तिच्याकडे जायचा. कर भरला की गावाला रूळ हवेतच! मग एक फाटा प्लेनोला, एक गार्लंडला, एक कॅरोल्टनला, एक आमच्या अर्व्हिंगला. एवढी जागा आणायची कुठून? तर जुन्या मालगाड्यांच्या मार्गांवरून. आता मालगाडीचा मार्ग गोदामांच्या पिछाडीने जातो, कारण मालगाडीचं काम तिथेच असतं. माणसाचं तिथे काय काम?

त्यात चारही लाइन डाउनटाउनमध्ये रस्त्यावरच्या एकाच रुळांच्या जोडीवर येऊन पडतात. एका लाइनवर गाड्या वाढवायच्या तर बाकीच्या तिघींची वाट अडते. डाउनटाउनच्या खालून दुसरा मार्ग काढायची योजना कैक वर्षं कागदावर होती, शेवटी ती बाजूला ठेवली. बाबांना मी हे कागदावर रेघा मारून समजावलं, तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "स्टँडात फलाट वाढवल्याशिवाय फेऱ्या वाढत नाहीत," म्हणाले आणि चहा पिऊ लागले. अलीकडे तर प्लेनो, अर्व्हिंगसारखी गावं डार्टमधून बाहेर पडायच्या गोष्टी करू लागली होती. आम्ही देतो जास्त, मिळतं कमी, ही त्यांची तक्रार. रूळ गावागावांत वाटले, तरी कुणाचंच समाधान झालं नाही.

त्याच टेक्सासात, चार तासांवर, ह्यूस्टन आहे. माझी नणंद तिथे टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये नोकरी करते, म्हणून ती लाइन मला पाठ आहे. १ जानेवारी २००४ ला सुरू झाली तेव्हा जेमतेम साडेसात मैलांची होती. सुरुवातीला मोटारवाल्यांनी तिला इतक्यांदा ठोकलं, की गावाने तिचं नाव व्हॅम-बॅम-ट्रॅम ठेवलं. टॉम डिले नावाचा तिथलाच वजनदार खासदार आडवा आल्यामुळे तिला केंद्राचा पैसाही मिळाला नव्हता. पण ती गेली कुठून? डाउनटाउनमधून, म्युझियमं आणि हर्मन पार्कच्या कडेने, राइस विद्यापीठासमोरून आणि मग लाखाहून अधिक लोक जिथे कामाला येतात त्या हॉस्पिटलांच्या ऐन मधून. नणंद म्हणते, सकाळी त्या गाडीत निळे-हिरवे स्क्रब घातलेले लोक उभेच असतात. आज ह्यूस्टनचे सगळे रूळ मिळून २२-२३ मैल भरतात. डॅलसचं जाळं त्याच्या चौपट, पण महामारीआधी डॅलसचे प्रवासी ह्यूस्टनच्या दुप्पटही नव्हते. बाबांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा खूश झाले. "म्हणजे ह्यूस्टनचं भारमान बरं आहे."

मालगाडीचे रूळ वापरले म्हणून सगळं बिघडतं असंही म्हणता येत नाही, नाहीतर सॅन दिएगोची गोष्ट जुळत नाही. खरं तर अमेरिकेत नव्या जमान्याची लाइट रेल तिथूनच सुरू झाली, जुलै १९८१ मध्ये. १९७६ साली कॅथलीन नावाचं वादळ आलं आणि सॅन दिएगो अँड अ‍ॅरिझोना ईस्टर्न या जुन्या रेल्वेचे रूळ ठिकठिकाणी वाहून गेले. मालक कंपनीला ती रेल्वे नकोशीच झाली होती. शहराच्या वाहतूक मंडळाने ती विकत घेतली, वर तारा ओढल्या, जर्मन बनावटीचे लाल डबे आणले आणि केंद्राच्या छदामाशिवाय गाडी सुरू केली. मालगाड्या त्याच रुळांवरून रात्री जातात, दिवसा माणसं.

फरक एवढाच की त्या मार्गाच्या दक्षिण टोकाला सॅन इसिद्रो आहे, म्हणजे मेक्सिकोची हद्द. रोज हजारो माणसं ती हद्द पायी ओलांडतात आणि पलीकडे पाऊल टाकलं की समोर गाडी उभी. नोव्हेंबर २०२१ पासून तीच ब्ल्यू लाइन उत्तरेला विद्यापीठापर्यंत गेली. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा सॅन इसिद्रोला डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीच्या पिशव्या, शाळेची दप्तरं, कामावरचे बूट घातलेली माणसं. आईला तर तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं. एका बाईने तिला खुणेने जागा दिली आणि ती स्पॅनिशमध्ये बोलत राहिली, आई मराठीत. दोघींचं नीट चाललं होतं.

पोर्टलंडला आम्ही एकदाच गेलो, तेही पावसात. पण त्या शहराबद्दल आदर आहे. तिथे माउंट हूड फ्रीवे नावाचा सहापदरी-आठपदरी रस्ता घरांवरून जाणार होता. लोकांनी तो १९७४ मध्ये हाणून पाडला आणि त्याच्या वाटचा बराच पैसा रुळांकडे वळवला. १९८६ मध्ये पहिली मॅक्स, म्हणजे तिथली लाइट रेल, धावली. मात्र शहराचे चौक २०० फुटांवर. गाडी त्याहून लांब केली तर थांब्यावर उभी असताना शेपूट आडव्या रस्त्यात येणार, म्हणून दोनच डबे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आखलेले चौक आजच्या गाडीची लांबी ठरवतात!

सिॲटलने रस्त्याचा नाद जवळजवळ सोडूनच दिला. बोगदे, उड्डाणमार्ग, विद्यापीठाखाली स्टेशन. हिला 'लाइट' म्हणणं म्हणजे पैठणीला रोजची साडी म्हणण्यासारखं आहे. २०१६ च्या मतदानात तिथल्या लोकांनी ५४ अब्ज डॉलरच्या योजनेला होकार दिला आणि हा खर्च आता आणखी फुगलाय. रेडमंडच्या आमच्या मैत्रिणीची टू लाइन २०२४ मध्ये सुरू झाली ती आधी नुसती लेक वॉशिंग्टन या तळ्याच्या पूर्वेलाच, कारण तळ्यावरून जायच्या टप्प्यात रुळांखालचं काँक्रीट सदोष निघालं आणि फोडून पुन्हा करावं लागलं. तरंगत्या पुलावर रेल्वे न्यायची म्हणजे चेष्टा नाही. इतका पैसा ओतावा का, यावर माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत नाही. मला वाटतं, ओतावा. गाड्या मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि भरून जातात.

आई-बाबा आले की नायगारा करावाच लागतो, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. त्या निमित्ताने बफेलोची लाइट रेल बघितली आणि हसावं की रडावं कळेना. जगात सगळीकडे गर्दीच्या डाउनटाउनमध्ये गाडी जमिनीखाली आणि बाहेर पडली की वर. बफेलोत नेमकं उलटं: डाउनटाउनमध्ये रस्त्यावर आणि पुढे वस्तीखालून बोगद्यात. सगळी मिळून सहा-साडेसहा मैल. उपनगरातल्या विद्यापीठाच्या मोठ्या आवारापर्यंत न्यायची होती, ती मधेच थांबली. जर्सी सिटीतही असाच घोटाळा होता, पण नावापुरता. माझी तिथली लाडकी हडसन-बर्गन लाइट रेल २००० पासून धावते आहे, पण बर्गन काउंटीत तिने अजून चाक टेकवलेलं नाही. तरी न्यूपोर्ट, एक्स्चेंज प्लेस, होबोकन अशा भरल्या वस्तीतून जाते म्हणून ती मला पहिल्या वर्षी सगळीकडे घेऊन गेली.

लॉस एंजेलिसबद्दल एकच सांगते. तिथली शेवटची जुनी ट्राम ३१ मार्च १९६३ ला बंद झाली. मुंबईची शेवटची ट्राम, बोरीबंदर ते दादर, ३१ मार्च १९६४ ला. बरोबर एक वर्षाचं अंतर. लॉस एंजेलिसने १९९० मध्ये लाँग बीचच्या जुन्या ट्राममार्गावरच पुन्हा रूळ टाकले आणि आता तीच लाइन पोमोनापर्यंत लांबवत ५७ मैलांवर नेली आहे, जगातली सर्वांत लांब लाइट रेलची लाइन म्हणून. पुन्हा मैल!

आता आमचं सॅन होजे. १९८७ पासून ही लाइट रेल आहे. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांच्या दारावरून जाते असं नकाशा सांगतो, पण दार आणि थांबा यांच्यामध्ये पार्किंग लॉटचं माळरान असतं. विमानतळाचं नाव असलेला थांबा आहे, तिथून विमानतळाला जायला बस धरावी लागते. डाउनटाउनमध्ये पादचाऱ्यांच्या कडेने ताशी १० मैलांच्या आसपास गाडी चालते. माउंटन व्ह्यूहून डाउनटाउनला कॅलट्रेन या लोकल गाडीने साधारण वीस मिनिटं लागतात, लाइट रेलने गाडी बदलून तासाच्या घरात. ज्याला पर्याय आहे तो हिच्यात कशाला बसेल?

ज्यांना पर्याय नाही, ते बसतात. बाबा बसले. तिसऱ्या आठवड्यापासून ते रोज सकाळी एकटे डाउनटाउनच्या लायब्ररीत जायला लागले. "वाहक नाही, फाटक नाही, तिकीट कोण मागणार?" हा प्रश्न त्यांना पहिले चार दिवस छळत होता. पाचव्या दिवशी तपासनीस आला, बाबांनी ताठ मानेने कार्ड दाखवलं आणि घरी येऊन तो प्रसंग दोनदा सांगितला. खिशातल्या छोट्या वहीत त्यांनी गाड्यांच्या वेळा आणि डब्यातली डोकी मांडायला सुरुवात केली होती. ती वही मी ठेवून घेतली आहे. मंगळवार, ११.४०, नऊ. गुरुवार, ५.१५, एकतीस, त्यापुढे कंसात "उभे ०".

मला विचाराल तर सॅन होजेने आता एक फूटभरही रूळ वाढवू नयेत. आहेत त्यावर दर सात-आठ मिनिटांना गाडी सोडावी, सिग्नलवर तिला मोटारींच्या आधी जाऊ द्यावं आणि थांब्यांभोवतीच्या पार्किंगच्या माळरानांवर घरं बांधू द्यावीत. यात फीत कापायचा समारंभ होत नाही, ही अडचण मला कळते.

पुढच्या मार्चमध्ये आई-बाबा परत येतायत. आम्ही भाड्याचं घर बदलणार आहोत. काल फोनवर बाबांना सांगितलं की नवं घर थांब्यापासून चार मिनिटांवर आहे. ते म्हणाले, "ते ठीक आहे. शेवटची गाडी किती वाजता?"

"बघून सांगते."

"आणि ती मुक्कामाला असते की परत जाते?"

मी सांगितलं, इथे गाडी मुक्कामाला नसते बाबा, रात्री यार्डात जाते.

"मग पहिली यार्डातून कधी सुटते तेही बघ."

आता वेळापत्रक उघडून बसले आहे.