‘एमसीबी पडतोय? मोठा बसवा’ : या सल्ल्यात चुका कुठे आहेत

घरातल्या खोलीत ग्रो लाइट लावून मायक्रोग्रीन किंवा रोपं वाढवणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय. ‘एलईडीला लोड नसतो. एमसीबी पडत असेल तर 6 चा काढून 32 चा बसवा. जास्त लाइट असतील तर सब-डीबी लावा, वायरिंग तीच चालेल. अर्थिंग नसेल तर न्यूट्रलचा लूप मारा.’ (एमसीबी म्हणजे करंट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच; 6 आणि 32 ही ती मर्यादा, अँपिअरमध्ये. डीबी म्हणजे हे एमसीबी बसवलेली पेटी, सब-डीबी ही तिच्यापुढची छोटी पेटी.) हा सल्ला घर पेटवू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एलईडीला लोड नसतो.’ प्रत्यक्ष 300 वॅट खाणारे सहा लाइट म्हणजे 1800 वॅट, 230 व्होल्टवर जवळपास 8 अँपिअर. लाइटला वीज पुरवणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, स्वस्तातला असून पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती कामी येतो ते प्रमाण) 0.6 असेल तर तोच करंट 13 अँपिअरवर जातो. आपल्याकडे लाइट-पंख्याच्या एका सर्किटला साधारण 800 वॅटची मर्यादा धरतात. शिवाय हे लाइट रोज चौदा-सोळा तास चालू राहणार. खोक्यावरच्या ‘1000 वॅट’वरही विसंबू नका. कित्येकदा तो आकडा ‘इतक्या वॅटच्या तोडीचा’ असतो, खरा वापर बराच कमी. लेबलवर अँपिअर लिहिलेत का ते बघा.

‘6 चा काढून 32 चा बसवा.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. एमसीबी लाइटसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. पाइपातून गेलेली तांब्याची दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर साधारण 14 ते 18 अँपिअर सोसते. आणि 32 चा एमसीबी 36 अँपिअर तासभर वाहिले तरी पडत नाही, त्याच्या मानकातच तसं ठरलेलं आहे. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. पीव्हीसीचं आवरण 70 अंशांपर्यंतचं. ते आत वितळू लागतं तेव्हा बाहेर सगळे लाइट छान चालू असतात, आणि ज्याने पडायला हवं तो एमसीबी गप्प असतो.

तो पडतो कधी, हे आधी बघा. लाइट लावताक्षणी पडला आणि शॉर्ट किंवा लीकेज नसेल, तर ड्रायव्हर सुरू होतानाचा झटका हे कारण असू शकतं. मग लाइट एकेक करून लावा, किंवा तेवढ्याच अँपिअरचा पण बी-ऐवजी सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा) एमसीबी वायरमनकडून बसवून घ्या. अर्ध्या तासाने पडला तर बहुधा ओव्हरलोड आहे. त्याला नवं सर्किटच हवं.

‘सब-डीबी लावा, वायरिंग तीच.’ सब-डीबीने वीज वाढत नाही, फक्त वाटली जाते. तिला मेन डीबीतून स्वतंत्र एमसीबी आणि त्याला साजेशी जाड वायर लागते, 32 अँपिअरसाठी बहुतेक सहाची. पुढे प्रत्येक सर्किटला अडीचची वायर, 16 चा एमसीबी, आणि सगळ्यांवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच). रोपांजवळ पाणी असतं, त्यामुळे तिथे तडजोड नको. बिलावरचा मंजूर भार अपुरा पडत असेल तर आधी भारवाढीचा अर्ज करा. काम परवानाधारक वायरमनकडूनच.

‘न्यूट्रलचा लूप मारा.’ म्हणजे सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रलला जोडा. असं केल्यावर न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर लाइटच्या धातूच्या बॉडीवर थेट फेज येतो आणि ओल्या हाताने तिला शिवणारा माणूस जिवाला मुकू शकतो. डीबीत आरसीसीबी असेल तर असा लूप मारल्यावर लाइटची बॉडी कुठे जमिनीला टेकली की ती पडू शकते, मग लोक तिलाच बायपास करतात. अर्थिंग नसेल तर अर्थ इलेक्ट्रोडपासून डीबीपर्यंत आणि तिथून प्रत्येक सॉकेटपर्यंत स्वतंत्र हिरवी वायर ओढून घ्या. ती होईपर्यंत हे लाइट लावू नका.