आपलं पोर पाठवायला सगळे तयार, दुसऱ्याचं घरी घ्यायला कोण?

आज जरा स्पष्टच लिहिणारे, राग आला तर येऊ द्या. आपल्या नाशिकमधून दरवर्षी पोरं स्टुडंट एक्सचेंजवर बाहेर जातात. आईबाप हौसेने फॉर्म भरतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, व्हिसा आला की स्टेटसला फोटो, निरोपाला सगळी बिल्डिंग खाली उतरते, छानच आहे ते सगळं. पण त्याच प्रोग्राममधून तिकडची एखादी मुलगी इथे येणार असते आणि तिला तीन-चार महिन्यांसाठी घर हवंय असा मेसेज ग्रुपवर पडला की सगळे चिडीचूप. मेसेज सगळ्यांनी वाचलेला असतो, उत्तर कुणाचंच नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोटरीचा यूथ एक्सचेंज आहे, एएफएस आहे, यातून शाळा-ज्युनियर कॉलेजच्या वयाची मुलं जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष दुसऱ्या देशात राहतात. हॉस्टेलवर नाही, एखाद्या कुटुंबात. रोटरीच्या लाँग टर्म प्रोग्राममध्ये तर बहुतेक वेळा वर्षात दोन-तीन घरं बदलतात, म्हणजे एकाच घरावर भार पडत नाही आणि मुलालाही वेगवेगळी माणसं बघायला मिळतात. एएफएस ही मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना नेणाऱ्या अँब्युलन्स चालवणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना, दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली. एकमेकांच्या घरात राहिलेली, एकमेकांच्या ताटात जेवलेली पोरं उद्या एकमेकांवर बंदूक धरणार नाहीत हा त्यामागचा विचार. आणि हा विचार सगळा उभा आहे तो दार उघडणाऱ्या घरांवर. घरच नसेल तर प्रोग्राम कसला आणि अदलाबदल कसली.

आमचा मोठा एका वर्षी असाच एक्सचेंजवर जर्मनीत होता. त्याची खोली रिकामी होती आणि आम्ही ब्राझीलची मुलगी घरी घेतली. इंदिरानगरला टू बीएचके, सासूबाई आमच्यासोबत, धाकटी दहावीला, मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये. बंगला नाही, एसी नाही, सकाळी बाथरूमसाठी नंबर लागतो. हे मुद्दाम सांगतेय कारण मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं ते हेच, की अगं आमचं घर लहान आहे. संस्थेची माणसं घर बघायला येतात, ती बघतात की मुलीला स्वतःचा पलंग आहे का, घरात कोण कोण राहतं, माणसं कशी आहेत, आधीची चौकशी पण करतात आणि करायलाच पाहिजे. सोफा कितीचा ते कुणी विचारत नाही.

दुसरा प्रश्न, किती पैसे मिळतात. आमच्या बिल्डिंगमध्ये तर एकीने जिन्यातच विचारलं. एक रुपया मिळत नाही. विमान, विमा, व्हिसा मुलाच्या घरचे बघतात, खिशाला थोडा पॉकेटमनी रोटरी क्लबकडून येतो, आपण द्यायचं ते जेवण आणि राहायला जागा. आणि मला विचाराल तर हे असंच असावं, पैसे आले असते तर ती पेइंग गेस्ट झाली असती आणि सासूबाईंनी तिला मेथी निवडायला बसवलं नसतं. जर्मनीत माझ्या पोराला जी बाई सांभाळत होती तिलाही कुणी छदाम देत नव्हतं. तिकडे संध्याकाळचं जेवण म्हणजे ब्रेड, चीज, काकडी, सगळं थंड. पहिल्या महिन्यात तो फोनवर नुसता गप्प गप्प असायचा. मग त्या बाईने स्वतःहून मला व्हिडिओ कॉल लावला आणि वरणाची फोडणी शिकून घेतली, पहिल्या खेपेला मोहरीच्या धुराने त्यांच्या घरातला अलार्म वाजला, तरी दर शुक्रवारी माझ्या पोरासाठी वरणभात करायची ती. ना ओळख, ना पाळख, ना भाषा. आता तुम्ही मला सांगा, आपलं लेकरू अशा कुणाच्या तरी जिवावर वर्षभर सोडायचं आणि आपल्याकडे कुणाचं लेकरू आलं की घर लहान आहे म्हणायचं, हे कसं जमतं?

खाण्याचं फार मोठं करून ठेवलंय लोकांनी. आमचं घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. फॉर्ममध्ये तसं आधीच लिहिलं होतं, तिला आणि तिच्या घरच्यांना माहीत होतं. ती रिओ ग्रांदे दो सुलची, ब्राझीलच्या अगदी दक्षिणेकडची, तिकडे रविवारी निखाऱ्यावर मांस भाजणं हा सोहळाच असतो. पण रोजचं त्यांचं जेवण काय, तर भात आणि घेवड्याच्या दाण्यांची पातळ उसळ! राजमा-भात केला त्या दिवशी तिने ताट बघितलं आणि घरी फोटो पाठवला. चिकन खावंसं वाटलं तर मैत्रिणीकडे खाऊन यायची, आम्ही कधी विचारलं नाही. मिसळ मात्र पहिल्यांदा रस्सा बाजूला ठेवून, मग दोन चमचे, मग दिवाळीपर्यंत रस्सा परत मागायला लागली, पापड चुरून.

आणि साबुदाण्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. ती आली ऐन श्रावणात. गोदेला पाणी चढलेलं, आख्खं नाशिक नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला जात होतं, आम्हीही तिला घेऊन गेलो, छत्री उलटी झाली, मजा आली. घरी येऊन सासूबाईंनी सोमवारची खिचडी टाकली. तिने ओट्यावरचा भिजवलेला साबुदाणा दोन बोटांत दाबून बघितला आणि एकदम ओरडली की हे आमच्याकडे आहे! तिच्या गावाकडे साबुदाणा रेड वाईनमध्ये शिजवतात, साखर, लवंग, दालचिनी घालून, आणि गार करून खातात. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला, उपासाचा साबुदाणा आणि वाईन! पण खरं तर आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तामिळनाडूत सेलमकडे ज्याचे कारखाने आहेत, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच. म्हणजे पाहुणा तो आपल्याकडचा. जानेवारीत काळी द्राक्षं आल्यावर तिने तो पदार्थ आमच्याकडे केला, वाईनच्या जागी द्राक्षाचा रस घालून. रस गाळायला सासूबाईंनीच स्वतःचं पंचाचं फडकं दिलं. सगळं स्वयंपाकघर लवंगेच्या वासाने भरलं होतं आणि साबुदाणा जांभळाच्या रंगाचा झाला होता. सासूबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या, वार बघून.

त्याच दिवसांत तिला दिंडोरीकडे ओळखीच्यांच्या बागेत नेलं. मांडवाखाली शिरली, हात वर करून एक घड तळहातावर तोलून धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिच्या आजोबांची द्राक्षबाग आहे, तीही अशीच डोक्यावरच्या मांडवाची, आणि तिकडेही तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे घरची सगळी त्याच वेळी बागेत असणार. तिच्या पणजोबांचे वडील इटलीतून तिकडे गेलेले, १८७५ पासून इटलीतले गरीब शेतकरी बोटीने त्या डोंगराळ भागात जाऊन राहिले आणि त्यांनी द्राक्षं लावली. बागवाल्या काकांनी तिला औषध फवारणी, डाऊनी रोग, अवकाळी, गारपीट सगळं विचारलं, मी मध्ये बसून इंग्रजी-मराठी करत होते, आणि काकांची इंग्रजी शून्य असूनही तासभर त्यांचं थांबेचना. इंग्रजी येत नाही म्हणून नाही म्हणणाऱ्यांनी काकांना भेटावं.

मुलीची जबाबदारी, हे कारण मला समजतं, ते खरं आहे, आईच्या जिवाला घोर असतोच. पण नियम पक्के असतात. दारू नाही, ड्रग्ज नाही, गाडी चालवायची नाही, प्रेमप्रकरणं नाहीत, हे त्या मुलांनी आणि आईबापांनी सह्या करून मान्य केलेलं असतं. आमच्या धाकटीला जी वेळ तीच तिला. काही झालं तर फोन करायला संस्थेचा एक ठरलेला माणूस असतो, मुलीलाही आणि आपल्यालाही. पोलिसांची भीती तर अजिबात घालून घेऊ नका. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांत तसं कळवणारा फॉर्म भरायचा असतो, तो ऑनलाइन भरतात, पासपोर्ट-व्हिसा हाताशी ठेवायचा. वर्षभर राहणाऱ्यांची वेगळी नोंदणी असते, तेही संस्थेचे लोक सोबत राहून करून देतात.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. दार लावून तासन्तास फोनवर असायची तेव्हा मला राग यायचा, आणि तिला आमच्याकडे कुणीही न विचारता खोलीत येतं याचा. दोघींनी बसून बोललो आणि ठरवलं, जेवताना फोन नाही, खोलीत शिरताना टकटक. टकटक मग धाकटीच्या दारावरही सुरू झाली, ती खूश. डिसेंबरात घरची आठवण आली तिला, फार. त्यांच्याकडे नाताळ म्हणजे भर उन्हाळा, २४ च्या रात्री सगळं घर एका टेबलाशी. आम्ही तिला त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉस चर्चमध्ये घेऊन गेलो, सासूबाई पण स्वेटर-शाल घालून आल्या. नंतर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला. इतकी वर्षं मी नाशिकची, त्या यात्रेची ट्रॅफिक तेवढी माहीत होती, आत गेले ती या पोरीमुळे. कुठून कुठून लोक आलेले, मेणबत्त्या, गर्दी, अगदी आपल्या जत्रेसारखी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. तिचं पुढचं घर ठरलेलं होतं. ज्यांची मुलगी त्याच वर्षी बाहेर गेली होती असं घर. आठवडा राहिला असताना त्यांचा निरोप आला की जमणार नाही, घरी काम काढलंय. पोरीची बॅग भरून झाली होती. ती मोठी निळी बॅग आमच्या दारात चपलांच्या स्टँडशेजारी उभी, आणि ग्रुपवर मेसेजवर मेसेज, कुणी घेईल का, निदान महिनाभर. येता-जाता तिला ती बॅग दिसायची. एका रात्री मला विचारते, मी काही चुकीचं वागले का, कुणाला काही त्रास झाला का माझा. सतरा वर्षांची पोर! काय सांगायचं मी तिला? बॅग मी स्वतः उघडली, कपडे परत कपाटात लावले आणि क्लबला कळवलं की राहू दे इथेच, दुसरं घर मिळेपर्यंत. पुढे मिळालं, एका रिटायर्ड शिक्षिका बाईंचं, एकट्या राहतात, त्यांनी ऐकलं आणि स्वतः फोन केला, घरतपासणी वगैरे सगळं रीतसर झालं. त्यांचं कुणीच बाहेर गेलेलं नव्हतं, ना जाणार होतं.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी चाललीये, जगभरातून माणसं येणार, नाशिक सगळ्यांचं स्वागत करणार असं आपण अभिमानाने सांगतो आणि करणारच आहोत. मग एका पोरीला तीन महिने घर देताना एवढ्या मोठ्या गावात एक रिटायर्ड बाई सापडावी?

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांना आपलं पोर पाठवायचंय त्यांनी फॉर्म भरतानाच लिहून द्यावं की आम्ही एकाला घरी घेणार, आणि ते पाळावं. घरात आजारपण आलं, बदली झाली, कुणी गेलं, तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुणीही समजून घेईल. पण काम काढलंय, दहावी आहे, सोवळं आहे, ही कारणं पोर पाठवायच्या आधी सांगा. क्लबवाल्यांनीही जरा कडक व्हावं, मागून भीक मागत बसू नये. आणि घेतलंत तर पाहुणी म्हणून घेऊ नका, रोज पनीर आणि रोज हॉटेल तुम्हाला पंधरा दिवस जमेल. तिला भाजीला पाठवा, दूध आणायला पाठवा, चुकली तर रागवा.

पुढच्या बॅचसाठी घरं बघणं सुरू झालंय. कुणाच्या मनात असेल आणि शंका असतील तर मला इनबॉक्स करा नाहीतर सरळ घरी या, संध्याकाळी सातनंतर मी असते. फॉर्ममध्ये काय काय विचारतात, खर्च किती येतो, सगळं दाखवते. सासूबाईंनाही विचारा, त्या माझ्यापेक्षा जास्त सांगतील.