क्वार्क ताणून फुकट वीज निघत नाही. तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल तर हे वाचा

मंगळवारी रात्री साडेदहाला मोठ्या मामांचा फोन आला. मामा एरवी नऊला झोपतात, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. म्हणाले, "अगं तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस ना, ते क्वार्क का काय ते ताणलं की आपोआप दुप्पट होतं म्हणे, खरंय का?" मला वाटलं नातवाच्या अभ्यासाचं काहीतरी असेल. मग हळूहळू कळलं की दोन लाखाची एफडी मोडायचं चाललंय, रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग आहे आणि मीटिंगचं आमंत्रण ज्या मेसेजच्या खाली होतं तो मेसेज मामांना त्यांच्या रिटायर्ड मित्रांच्या ग्रुपवर आलाय. दुसऱ्या दिवशी बघते तर तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण.

क्वार्क म्हणजे अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले कण. मेसेज लांबलचक आहे, त्यात पाच मुद्दे आहेत. एक, क्वार्क आजवर कुणी पाहिलेलाच नाही, तो सापडेना म्हणून शास्त्रज्ञांनी 'कन्फाइनमेंट' (क्वार्क कायम कोंडलेलाच असतो, सुटा मिळत नाही) नावाची पळवाट काढली. दोन, ही थिअरी गणिताने अजून सिद्ध झालेली नाही, उलट तिच्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय, म्हणजे ती खोटी. तीन, कणाद ऋषींनी 'त्र्यणुक' सांगितलं तेच तीन क्वार्क. चार, क्वार्क एकमेकांपासून लांब ओढले की शून्यातून नवे क्वार्क तयार होतात, म्हणजे कधीच न संपणारी फुकट एनर्जी, ती सर्नवाले (सर्न म्हणजे युरोपातली कणांवर प्रयोग करणारी मोठी प्रयोगशाळा) लपवून ठेवतात आणि आता एका कंपनीने त्याचं घरात ठेवायचं कपाटाएवढं मशीन बनवलंय, त्यात पैसे गुंतवा. पाच, सुटा क्वार्क बाहेर पडला तर पृथ्वी नष्ट होईल.

आधी चौथा मुद्दाच घेते कारण मामांचे पैसे त्यात जाणारेत.

प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क असतात, दोन 'अप' जातीचे आणि एक 'डाउन' जातीचा. त्यांना धरून ठेवणारा जो स्ट्राँग फोर्स आहे तो ग्लुऑन नावाच्या कणांमार्फत चालतो. विजेच्या बाबतीत हेच काम फोटॉन करतो पण फोटॉनवर स्वतःवर चार्ज नसतो, त्यामुळे दोन चार्ज लांब नेले की क्षेत्ररेषा पसरतात आणि ओढ कमी होत जाते. ग्लुऑनवर मात्र स्वतःवरच 'कलर' चार्ज असतो (आपल्या नेहमीच्या रंगाशी संबंध नाही, नुसतं नाव आहे), म्हणून ग्लुऑन एकमेकांनाही ओढतात आणि रेषा पसरायच्या ऐवजी आकसून बारीक नळीसारख्या होतात. त्यामुळे क्वार्क लांब नेला तरी ओढ कमी होतच नाही. मेसेजमध्ये लिहिलंय की ओढ 'अनंतापर्यंत वाढत जाते', ते चूक आहे, ती एका ठिकाणी स्थिर होते. ती किती, तर साधारण १६ टन वजन उचलायला लागेल एवढी, आणि ती सुद्धा एका क्वार्कवर. विहिरीतून बादली ओढताना बादलीचं वजन तेवढंच असतं पण विहीर जितकी खोल तितके कष्ट जास्त, तसंच हे. ओढ तेवढीच पण जितकं लांब न्याल तितकं काम तुम्हालाच करावं लागतं, आणि ते काम त्या नळीत एनर्जी म्हणून साठतं. एका टप्प्याला इतकी एनर्जी साठते की त्यातून क्वार्क आणि अँटीक्वार्क (क्वार्कचाच उलट चार्जचा जुळा) यांची नवी जोडी तयार होते, नळी तुटते आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना नवे जोडीदार मिळतात. एकटा क्वार्क तुमच्या हाताला लागतच नाही. यालाच कन्फाइनमेंट म्हणतात.

आता सांगा यात 'शून्यातून' काय आलं? नव्या जोडीचं वस्तुमान आलं तुम्ही ओढताना घातलेल्या एनर्जीतून. ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर, दहावीच्या पोरांना पाठ असतं. प्रोटॉनच्या आकाराएवढं अंतर, म्हणजे मीटरचे एकावर १५ शून्य इतके भाग केले तर त्यातला एक, एवढं ताणायला साधारण १ जीईव्ही (कणांची एनर्जी आणि वस्तुमान दोन्ही मोजायचं एकक) एनर्जी घालावी लागते, आणि सगळ्यात हलका जो क्वार्क-अँटीक्वार्कचा कण आहे, पायॉन, त्याचं वस्तुमान ०.१४ जीईव्ही. घातलं त्यापेक्षा एक कणभरही जास्त बाहेर येत नाही, उरलेली एनर्जी त्या कणांच्या वेगात जाते. विहिरीतून पाणी काढलं आणि म्हटलं की हे आकाशातून आलं, दोर ओढणाऱ्याचे हात दुखतायत ते कुणी बघायचं?

आणि हे सर्नवाले लपवून ठेवतात म्हणे. सर्न वर्षाला साधारण १३० कोटी युनिट वीज विकत घेतं. विकत घेतं! त्यांच्या २७ किलोमीटरच्या रिंगमध्ये पूर्ण वेगाने फिरणाऱ्या प्रोटॉनच्या एका बीममध्ये, म्हणजे झोतात, एनर्जी किती असते, तर जेमतेम १०० युनिट, आपल्यापैकी कितीतरी घरांचं महिन्याचं लाईट बिल तेवढ्या युनिटचं येतं. २०२२ च्या हिवाळ्यात युरोपात विजेची टंचाई झाली तेव्हा सर्नने वीज वाचवायला त्या वर्षीचं काम दोन आठवडे आधीच बंद केलं. ज्यांच्या तळघरात फुकट विजेचा झरा आहे ते वीज वाचवायला मशीन बंद ठेवतील का हो? शिवाय लपवणार कोण आणि कुणापासून, भारत २०१७ पासून सर्नचा असोसिएट मेंबर आहे, आपल्या आयआयटी मुंबईची माणसं तिथल्या अ‍ॅलिस प्रयोगात आहेत, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधनसंस्थेची तिथल्याच सीएमएस प्रयोगात आहेत, आणि प्रयोगांचा पुष्कळ डेटा २०१४ पासून टप्प्याटप्प्याने नेटवर सगळ्यांसाठी खुला केलाय.

यावर मामांच्या मित्राने ग्रुपवर एक प्रश्न टाकला, आणि तो बरा प्रश्न आहे म्हणून त्याचं उत्तर देते. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही), आतल्या तीन क्वार्कची वस्तुमानं बेरीज केली तर फक्त ९ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ ९९ टक्के वस्तुमान हे कोंडलेल्या क्वार्क-ग्लुऑनच्या एनर्जीचं आहे. हे खरंय. तुमच्या-माझ्या वजनाचं पण तेच, आणि मला स्वतःला फिजिक्समधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. मग ती एनर्जी काढता येणार नाही का? नाही. कोयनेच्या पाण्यापासून वीज होते कारण ते पाणी घाटमाथ्यावरून खाली पोफळीकडे पडतं. पडायला खालची जागा लागते. तीन क्वार्कच्या कणांमध्ये प्रोटॉन सगळ्यात हलका, म्हणजे तो तळालाच आहे, त्याला त्याच्याखाली पडायला जागाच नाही. जपानमध्ये सुपर-कामिओकांडे नावाची ५० हजार टन पाण्याची टाकी आहे, तिच्यात वर्षानुवर्षं वाट बघूनही एक प्रोटॉन आपणहून फुटलेला दिसलेला नाही, त्यावरून प्रोटॉनचं आयुष्य निदान एकावर ३४ शून्य इतक्या वर्षांच्या पुढचं निघतं. आणि हे लोक हॉटेलच्या हॉलमध्ये कपाटाएवढ्या डब्यातून ती काढून दाखवणार.

आता पहिला मुद्दा, पळवाटीचा. याने मला खरंच राग येतो कारण जे घडलं ते बरोबर उलटं आहे. १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी वेगवेगळे हा विचार मांडला तेव्हा खूप जणांना क्वार्क म्हणजे नुसती हिशोबाची सोय वाटत होती. मग १९६७ पासून स्टॅनफर्डच्या ३ किलोमीटर लांबीच्या अ‍ॅक्सिलरेटरवर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या मशीनवर) इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर मारून बघितले. प्रोटॉन आतून सगळीकडे सारखा, मऊ असता तर इलेक्ट्रॉन फार वळले नसते, पण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात उडाले, म्हणजे आत कशावर तरी आपटत होते. रदरफोर्डने सोन्याच्या पत्र्यावरून अणूचं केंद्रक असंच ओळखलं होतं, ते आपण सगळे शाळेत शिकलो आणि तेव्हा कुणी म्हटलं नाही की केंद्रक डोळ्यांनी दाखवा. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना या कामाबद्दल १९९० चं नोबेल मिळालं.

आणि सुटा क्वार्क शोधायला लोकांनी काय काय केलंय! क्वार्कचा चार्ज इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश असतो, त्यामुळे कुठेही असा अपूर्णांकातला चार्ज दिसला की झालं. समुद्राच्या पाण्यात शोधला, लोखंडात शोधला, तेलाच्या थेंबांत शोधला, उल्केच्या तुकड्यांची भुकटी करून तिच्यात शोधला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्याच विल्यम फेअरबँक यांच्या गटाने निओबियम धातूच्या बारीक गोळ्यांवर एक तृतीयांश चार्ज दिसला असा पेपर छापला, ते खरं ठरलं असतं तर कन्फाइनमेंटची थिअरीच अडचणीत आली असती. तो पेपर कुणी दाबला नाही, उलट बाकीच्यांनी तसेच प्रयोग करून बघितले, आणि कुणालाच तसं दिसलं नाही. पार्टिकल डेटा ग्रुप नावाचा शास्त्रज्ञांचा गट आहे, तो दर दोन वर्षांनी कणांबद्दलची सगळी मोजमापं एकत्र करून छापतो आणि ती नेटवर फुकट वाचता येतात. त्यात 'फ्री क्वार्क सर्चेस' असा अख्खा वेगळा भाग आहे, कुणी कुठल्या पदार्थात किती शोधलं याचे नुसते तक्ते. वर मी क्वार्कची वस्तुमानं सांगितली, ती पण त्यातच आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने हे एक पान उघडलं असतं तर पहिला मुद्दा लिहिलाच नसता.

शिवाय एक क्वार्क असा आहे की जो कोंडला जायच्या आतच संपतो. टॉप क्वार्क. सेकंदाचे एकावर २५ शून्य इतके भाग करा, त्यातल्या सुमारे ५ भागांत तो मोडून जातो, जोडीदार मिळवायला त्याला वेळच मिळत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये दोन प्रयोगांना तो मिळाला, त्यातल्या डी-झीरो प्रयोगात मुंबईच्या टीआयएफआरचे लोक होते. हे आपल्या कुलाब्यातल्या माणसांचं काम आहे, आणि आपलेच लोक ग्रुपवर लिहितात की 'कुणी पाहिलेलाच नाही'.

दुसरा मुद्दा. इथे मला मान्य करावं लागतं की त्यात अर्धं खरं आहे. कन्फाइनमेंट का होतं याची कागदावरची पक्की गणिती सिद्धता अजून नाही. त्याच्याशी जोडलेला यांग-मिल्सचा (स्ट्राँग फोर्स ज्या समीकरणांवर उभा आहे त्यांचा) प्रश्न क्ले इन्स्टिट्यूट या गणिताच्या संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलरच्या सात प्रश्नांच्या यादीत घातला आणि तो अजून तसाच आहे. बरं मग? त्याच यादीत नेव्हिअर-स्टोक्स समीकरणांचा पण प्रश्न आहे, पाणी आणि हवा कशी वाहते त्याची समीकरणं, तो पण सुटलेला नाही, म्हणून पाणी वाहायचं थांबलं का? सिद्धता नसणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी अवकाश-काळाचे जाळीसारखे चौकोन पाडून हिशोब करायची पद्धत काढली, त्या जाळीवर सुपरकॉम्प्युटरने हिशोब केला की कन्फाइनमेंट स्पष्ट दिसतं, आणि २००८ मध्ये तर त्याच पद्धतीने प्रोटॉन आणि त्याच्या भाऊबंदांची वस्तुमानं काढली ती मोजलेल्या वस्तुमानांशी काही टक्क्यांच्या आत जुळली. खोट्या थिअरीतून असे आकडे येत नाहीत.

कणाद ऋषींबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या तोंडी वाटेल ते घालू नये असं वाटतं. त्यांच्या न्याय-वैशेषिक परंपरेत दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि हे त्र्यणुक म्हणजे डोळ्यांना दिसू शकणारी सगळ्यात लहान गोष्ट, कवडशात तरंगताना दिसतो तो धुळीचा कण. ते प्रोटॉनपेक्षा किती अब्ज पटींनी मोठं झालं बघा. त्यांचा विचार त्यांच्या जागी मोठा आहे, त्याला क्वार्कचं लेबल लावायची गरज नाही.

पाचव्यावर जास्त लिहीत नाही. जड अणुकेंद्रकं एकमेकांवर आपटून सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट तापमानाला क्वार्क-ग्लुऑन क्षणभर मोकळे करायचं काम न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनमध्ये २००० सालापासून झालंय, नंतर सर्नमध्येही. मोकळ्या झालेल्या क्वार्क-ग्लुऑनचा तो थेंब थंड झाला की क्वार्क परत कोंडले जातात. पृथ्वी आहे तिथेच आहे. आणि एकाच मेसेजमध्ये क्वार्क सुटला तर पृथ्वी नष्ट आणि क्वार्क ओढायचं मशीन घरात ठेवा, हे दोन्ही कसं चालतं?

काल संध्याकाळी मामांकडे जाऊन आले. त्यांच्याबरोबर बसून त्या मशीनचा व्हिडिओ तीन वेळा बघितला. मशीनच्या मागून एक काळी वायर निघून भिंतीकडे जाते, ती माणसाच्या पायाआड झाकलीये पण शेवटी दोन सेकंद नीट दिसते. मामा एमएसईबीतून रिटायर झालेत, वायर त्यांनीच मला दाखवली. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "रविवारी जातोच मी. चेकबुक नाही नेत, क्लॅम्प मीटर नेतो." वायरभोवती नुसता अडकवला की तिच्यातून किती करंट जातोय ते तो दाखवतो. मी पण जाणारे त्यांच्याबरोबर. त्यांच्या ग्रुपमधल्या दोघांनी आधीच पैसे भरलेत, त्यांना कालच १९३० ला फोन करून तक्रार द्यायला सांगितलंय, तुमच्या ओळखीत कुणी भरले असतील तर आजच फोन करायला सांगा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे आणि जितका लवकर फोन तितके पैसे अडवता यायची शक्यता जास्त.