साधू कुठला, हा तर विक्रेता

दर चार-सहा महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो. तीन मित्र धनाच्या शोधात निघतात, झाडाखाली सोनं सापडतं आणि एकमेकांच्या हातून तिघंही मरतात. खाली तात्पर्य: 'पैसा हेच सर्व पापांचं मूळ. चौदाव्या शतकातल्या एका सत्पुरुष इंग्रज धर्मोपदेशकाची अस्सल बोधकथा. ऐकणारे सुधारले.' गोष्ट इंग्रज कवी जेफ्री चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधली आहे, एवढं खरं. त्यात कँटरबरीला निघालेले यात्रेकरू वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात. बाकी बरंच चुकलंय.

आधी तो 'सत्पुरुष'. गोष्ट सांगणारा आहे पार्डनर, म्हणजे पापमाफीची पत्रं विकत हिंडणारा माणूस. त्याच्या पोतडीत मेरीमातेचा बुरखा म्हणून दाखवायला उशीचा अभ्रा आहे आणि संतांचे अवशेष म्हणून काचेच्या भांड्यात डुकराची हाडं. ज्या लोभावर मी प्रवचन झोडतो तोच माझा दुर्गुण, हे तो यात्रेकरूंना स्वतःहून सांगतो. वर्षाला शंभर मार्क सुटतात म्हणे. गावातल्या सर्वांत गरीब विधवेची पोरं उपाशी मेली तरी बेहत्तर, तिच्याकडूनही पैसा, लोकर, चीज, गहू घेणारच! फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमका हाच माणूस गाळला.

'पैसा हेच मूळ' असंही तो म्हणत नाही. त्याचं पालुपद लॅटिन आहे: 'रादिक्स मालोरुम एस्त कुपिदितास'. कुपिदितास म्हणजे हाव. वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. मराठी बायबलातही तिथे 'द्रव्याचा लोभ' आहे, नुसतं द्रव्य नाही.

आणि हे तिघं धनाच्या शोधात निघालेलेच नाहीत. फ्लँडर्समध्ये साथ चालू आहे. भल्या सकाळी गुत्त्यात पीत बसलेल्यांना प्रेतापुढची घंटा ऐकू येते. पोऱ्या सांगतो, तुमचाच दोस्त गेला, मृत्यू नावाच्या चोराने नेला. दारूच्या तारेत तिघं शपथ घेतात, या मृत्यूलाच ठार मारायचं! वाटेत एक जख्ख म्हातारा भेटतो. त्याला मरण येत नाही, म्हणून तो काठीने जमिनीवर ठकठक करत 'आई, मला आत घे' म्हणत फिरतोय. तो सांगतो, मृत्यू हवाय? त्या वाकड्या वाटेने जा, ओकच्या झाडाखाली बसलाय. तिथे सापडतात जवळपास आठ बुशेल (धान्याचं माप) भरतील इतक्या सोन्याच्या मोहरा, आणि मृत्यूला शोधणं तिघंही विसरून जातात. मला तर सगळी गोष्ट या विसरण्यात दिसते. पुढे दारू आणायला गेलेला धाकटा औषधवाल्याकडून उंदरांच्या नावाखाली विष घेतो, तीन बाटल्यांपैकी दोनांत घालतो, तिसरी स्वतःसाठी चांगली ठेवतो. ती त्याच्या उपयोगी पडत नाही. परतल्याबरोबर बाकीचे दोघं त्याला भोसकतात आणि विषाची दारू पितात.

'अस्सल इंग्रजी' म्हणाल, तर पाली जातकांत, म्हणजे जुन्या बौद्ध कथांत, 48 क्रमांकाचं वेदब्भ जातक बघा. तिथे उरलेल्या दोन चोरांपैकी एक भातात विष कालवतो, दुसरा तलवार घेऊन बसतो.

शेवटचा दावा, 'ऐकणारे सुधारले'. गोष्ट संपताच पार्डनर त्याच यात्रेकरूंना म्हणतो, या, अवशेषांना मुका द्या, पैसे काढा. सोबत आलेल्या सरायवाल्या हॅरी बेलीपासून सुरुवात करू, सर्वांत पापी तोच. बेली जे उत्तर देतो ते इथे छापण्यासारखं नाही. एरवी बडबड्या पार्डनर रागाने गप्प बसतो. शेवटी यात्रेकरूंतला एक सरदार मध्ये पडून दोघांना एकमेकांचा मुका घ्यायला लावतो आणि घोडी पुढे निघतात.