चूक कोणाची, ते लिहून द्या

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी दहाला बारा-पंधरा म्हातारे-म्हाताऱ्या जमतात आणि एकमेकांना शिकवतात. फी नाही, परीक्षा नाही, मास्तरांनी आपला चहा आपण थर्मासमधून आणायचा. मी बँकेतून निवृत्त, म्हणून मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकवतो. एक माजी हेडमास्तर मोडी शिकवतात. बी विंगमधल्या काकू ‘पुरुषांसाठी कुकर’ हा वर्ग घेतात, आणि त्यालाच सर्वांत जास्त गर्दी असते. हॉल जिना चढून पहिल्या मजल्यावर. आमच्या गुडघ्यांची हजेरी तिथेच लागते.

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग काकू लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने इंग्लंडला गेल्या आणि परत येताना नात, चॉकलेटं आणि विमा एवढ्या तीन विषयांवर बोलू लागल्या.

झालं असं की तिथे त्या एका यूथ्रीए नावाच्या मंडळात जाऊन बसत. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’, म्हणजे तिसऱ्या वयाचं विद्यापीठ. मूळ कल्पना फ्रान्सची, 1973 साली तुलूझमध्ये निघालेली; इंग्रजांनी ती 1982 मध्ये उचलली आणि त्यातून प्राध्यापक वजा करून टाकले. सदस्यच शिकणार, सदस्यच शिकवणार, आमच्यासारखंच. फरक एवढाच की तिथे असल्या सगळ्या मंडळांच्या डोक्यावर एक मध्यवर्ती ट्रस्ट आहे आणि तो दायित्वाचा विमा काढून ठेवतो.

“म्हणजे उद्या माझ्या हातून तुमच्या पायावर कुकर पडला आणि तुम्ही नुकसानभरपाई मागितलीत, तर ते बघतात,” काकू म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या चौघांनी पाय खुर्चीखाली घेतले.

“आणि मी आपणहून पडलो तर?” हेडमास्तर.

“तर नाही. कुणाची तरी चूक लागते.”

हे वाक्य तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

बातमी सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत गेली. आजवर या गृहस्थांना आमची काळजी फक्त पंखे बंद केले का, एवढ्यापुरतीच असे. आता त्यांनी पत्रच पाठवलं की विमा नसेल तर हॉल मिळणार नाही. वर मला जिन्यात गाठून म्हणाले, “अहो, किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळाच्या गणपतीने 2025 मध्ये 474 कोटींचा विमा काढला! चप्पल स्टॉलवरची माणसंसुद्धा त्यात आहेत!” आमच्याकडे सोनं म्हणजे काकूंच्या दोन पाटल्या आणि चपला दाराबाहेर, ज्या-त्याच्या जबाबदारीवर, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ‘जबाबदारी’ हाच शब्द उचलला. “बघा! आलात ना मुद्द्यावर?”

बँकेत होतो म्हणजे विम्यातलं कळत असणार, असं धरून काम माझ्या गळ्यात पडलं. पहिले तीन एजंट आयुर्विम्याचे निघाले. तिघांनीही माझं वय विचारलं आणि चहा न घेता उठले. चौथा तरुण होता आणि गुगल करून आला होता. म्हणाला, “पब्लिक लायबिलिटीचा कायदा आहे ना साहेब, 1991 चा. घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना सक्तीचा आहे. तुमच्याकडे घातक पदार्थ कोणते?” भोपाळच्या वायुकांडानंतर झालेला कायदा तो! तरी मी प्रामाणिकपणे विचार केला. कुकरच्या वर्गात जोशात केलेली एक आमटी डोळ्यांसमोर येऊन गेली. पण मी नाही म्हणालो.

पाचवा मात्र जाणकार होता. त्याचा पहिला प्रश्न, “पॉलिसी कोणाच्या नावे? संस्था रजिस्टर आहे?” नव्हती. करायची तर 1860 च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदणी, मग 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून, आणि सह्यांना निदान सात माणसं. जिथे भेळेच्या कार्यक्रमाला तेवीस जण येतात, तिथे सह्यांच्या शनिवारी पाच आले. त्यातल्या दोघांनी चष्मा आणला नव्हता. शेवटी गृहनिर्माण सोसायटी तर रजिस्टर आहेच, तिच्या नावे पॉलिसी घ्यायची, त्यात आमचा वर्ग घालायचा आणि प्रीमियम आम्ही भरायचा, असं ठरलं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. “तुमचे मेंबर थर्ड पार्टी आहेत का?”

सभेत गदारोळ झाला. थर्ड पार्टी म्हटलं की आमच्या पिढीला फक्त स्कूटर आठवते. “आम्ही काय रस्त्यात आडवे आलोय?” हेडमास्तर कडाडले. मी फळ्यावर आकृती काढली. पहिला पक्ष विमा घेणारा, दुसरा विमा कंपनी, तिसरा म्हणजे ज्याचं नुकसान होतं तो. मेंबरच विमा घेणाऱ्यांत मोडले, तर एकमेकांचे पाय भाजल्यावर मिळणार काहीच नाही. म्हणून मेंबरांना आपापसांत तिसरा पक्ष मानावं, अशी वेगळी ओळ पॉलिसीत घालून घ्यायची. “म्हणजे आपण एकमेकांना परके, असं पैसे भरून लिहून घ्यायचं,” काकूंचे यजमान म्हणाले. ते वर्षातून एकदाच बोलतात.

पॉलिसी आली. अठरा पानं, बारीक टाइप. ती लॅमिनेट करावी असा ठरावही झाला.

आणि चौथ्याच शनिवारी हेडमास्तर पडले. मी प्रोजेक्टरची वायर आडवी टाकली होती. ते मोडीतला ‘ज’ दाखवायला उठले, पाय अडकला, खुर्चीचा आधार मिळाला म्हणून निभावलं. हाडं शाबूत, चष्म्याचा मात्र चुरा. सगळे धावले, पण चेहऱ्यांवर काळजीबरोबर एक उत्साह होता. आजवर प्रीमियमच भरला होता, आता फळ दिसणार होतं.

मी एजंटला फोन लावला. “चूक कोणाची?” त्याने विचारलं.

“कोणाची नाही हो, पडले बिचारे.”

“मग क्लेम नाही. हा अपघात विमा नाही, दायित्व विमा आहे. त्यांनी तुमच्यावर लेखी दावा करायला पाहिजे, की तुमच्या हलगर्जीपणामुळे हे झालं.”

पण चष्मा फुटलेला, हेडमास्तरांना अक्षर दिसेना. तेव्हा माझ्याविरुद्धची तक्रार ते सांगणार आणि मी लिहून घेणार, असं ठरलं. चाळीस वर्षं शुद्धलेखन घातलेला माणूस तो. डोळे मिटून, विरामचिन्हांसह सुरू झाले. “सदर गृहस्थांच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे, स्वल्पविराम...”

“अक्षम्य जरा जास्त होतं, सर. ‘किंचित’ चालेल?”

“किंचित हलगर्जीपणाला कोण पैसे देतं? अक्षम्यच लिहा. आणि हलगर्जीतला ‘जी’ दीर्घ.”

भोवतीचे लोक मदतीला आले. मागच्या दिवाळीत मी हॉलची किल्ली हरवली होती, ते घाला. मार्चमध्ये गॅसचा कॉक उघडा ठेवला होता, तेही घाला. सहा वर्षांत मला एका शब्दाने न दुखावलेली ही माणसं, केवळ प्रेमापोटी माझी अब्रू पुराव्यानिशी काढत होती. दोन पानं भरली. खाली हेडमास्तरांनी चाचपडत सही केली आणि माझी पाठ थोपटली. “मनावर घेऊ नका हं.”

एजंट संध्याकाळी आला, वाचून खूश झाला आणि मग थबकला. “अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“अरे देवा! पॉलिसीची अट आहे साहेब. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमा घेणाऱ्याने चूक कबूल करायची नाही. हे तर तुमच्याच हस्ताक्षरात!”

म्हणजे चूक माझी असली तरच पैसे मिळणार, पण मी ती कबूल केली तर अडचण. नवीन पत्र काकूंच्या हातचं घेऊ म्हटलं, तेव्हा त्याने हळूच पुढचं सांगितलं. प्रत्येक दाव्यातले पहिले पाच हजार आपले आपण सोसायचे. चष्मा होता तीन हजार दोनशेचा.

“जरा महागाचा घ्यायला हवा होता,” हेडमास्तर अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

त्याच हॉलमध्ये माझी टोपी फिरवली आणि चहा निवायच्या आत चष्म्याचे पैसे जमले. वर दीडशे रुपये उरले, त्यातून वायर झाकायला चिकटपट्टी आणली.

पुढच्या शनिवारी हेडमास्तर नवा चष्मा लावून वेळेआधी हजर. नंबर अगदी बरोबर बसला होता. परीक्षा म्हणून त्यांनी भिंतीवरची लॅमिनेट केलेली पॉलिसी उतरवली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आम्ही कुकरभोवती जमलो होतो. तिसरी शिट्टी झाली तेव्हा त्यांनी मान वर केली.

“काय हो, इथे जागेच्या रकान्यात ‘तळमजल्यावरील हॉल’ लिहिलंय. आपण जिना चढूनच येतो ना?”