विंडोज बदलली म्हणून साउंड कार्ड जळत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून घरोघरी विंडोज ११ चढते आहे आणि मागोमाग हा फॉरवर्ड फिरतो आहे: ‘अपग्रेडनंतर आवाज, वायफाय, प्रिंटर बंद पडला तर पार्ट जुना झाला. ड्रायव्हर अपडेटर टाका, नाही जमलं तर फॉरमॅट मारा, तरीही नाही तर पार्ट बदला.’ ड्रायव्हर म्हणजे विंडोजला तो पार्ट चालवता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर. हा फॉरवर्ड वाचून लोक चांगले पार्ट भंगारात देत आहेत, म्हणून लिहितोय.

पार्ट जुना झाला, हे ठरवलं कोणी? स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळं चिन्ह असलेल्या नावावर डबल क्लिक करा. तिथे कोड लिहिलेला असतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे डिव्हाइस सुरू झालं नाही. इथेही आधी ड्रायव्हर पाहायचा. दोन पार्टचं खरं भांडण, म्हणजे ‘कॉन्फ्लिक्ट’, तो कोड १२: दोन डिव्हाइसना कॉम्प्युटरमधली एकच लाइन किंवा मेमरीची जागा हवी असते. आयएसए या जुन्या पद्धतीच्या कार्डांच्या काळात प्रोसेसरला हाक मारायच्या लाइन, म्हणजे आयआरक्यू, मोजून १६ असत, तेव्हा हे भांडण रोजचं होतं. आता क्वचित दिसतं. ४३ आला तर मात्र पार्टवर संशय घ्यायला जागा आहे. तेव्हा पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टम) इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघा. तिथे आवाज आला तर पार्ट जिवंत आहे. नाही आला तर तेवढ्यावरून तो मेला असंही म्हणू नका. शेजारच्या काकूंना दुकानात थेट मदरबोर्डचा खर्च सांगितला होता. निघाला कोड २८. वीस मिनिटांत आवाज परत आला.

ड्रायव्हर अपडेटर तर नकोच. कुठलं तरी अनोळखी सॉफ्टवेअर अंदाजाने ड्रायव्हर बसवणार आणि पैसे मागणार! त्याच खिडकीत ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी दिसतो: ‘व्हेन’ (VEN, म्हणजे चिप बनवणारी कंपनी) याच्यापुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरचे भाग जोडणाऱ्या चिपचा) आणि मग त्या डिव्हाइसचा ड्रायव्हर घ्या. आधीचा ड्रायव्हर चालत होता तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून पाहा.

फॉरमॅटचा सल्ला सगळ्यात घातक. तीच विंडोज पुन्हा टाकली की बहुतेक वेळा तोच ड्रायव्हर परत येतो, आणि हातचा उपायही जातो. अपग्रेडनंतर १० दिवस ‘सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ असतं, कारण जुनी विंडोज विंडोज.ओल्ड फोल्डरमध्ये शाबूत असते. फॉरमॅटमध्ये ती पुसली जाते, आणि बॅकअप नसेल तर फोटोही.

फॉरवर्डमध्ये तथ्य आहे ते एवढंच: विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, ३२ बिट या जुन्या प्रकारात ती येत नाही. ज्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिटचाच निघाला, तो तिच्यावर बसणार नाही. पण असे कितीतरी स्कॅनर लिनक्सवर आजही चालतात. टाकून देण्याआधी तोच उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावून एक पान स्कॅन करून बघा.